कव्हरवर माणूस कुठंय?

आमच्या दुकानात वाढदिवसाचे फ्लेक्स होतात, लग्नपत्रिका होतात, तेरवीची कार्डं होतात. अंबाजोगाईत अठरा वर्षं हेच करायलोय. त्यामुळं जूनमध्ये कॉलेजची सहा पोरं-पोरी येऊन "काका, अल्बमचं कव्हर करून देता का?" म्हणाली तेव्हा मी सवयीनं विचारलं, "लग्न कुणाचंय?"

"लग्नाचा नाही ओ काका. गाण्यांचा. चार लोकगीतं. एकाचा व्हिडिओ यूट्यूबला आणि चारी गाणी बाकीच्या ॲपवर."

कव्हर त्यांनी लॅपटॉपवर करूनच आणलं होतं, मी फक्त साफसूफ करायचं होतं. क्रीम रंग, मधोमध एका रेघेत काढलेलं जातं, खाली मुंगीएवढ्या अक्षरात अल्बमचं नाव. दिसायला झकास. अठरा वर्षांत माझ्या हातून इतकं नेटकं काही झालेलं नाही, हे आधीच कबूल करतो. तरी मी म्हणालो की हे नको. तिथून आमचं जे भांडण सुरू झालं ते ऑगस्टपर्यंत चाललं. त्याबद्दलच लिहायचंय.

माझं म्हणणं एवढंच होतं की कव्हरवर माणूस नाही. गाणं गायलंय कुणी, ते कव्हर बघून कळत नाही. पोरं म्हणाली, "काका, हे मिनिमल आहे." असेल. पण मला त्यावेळी येरमाळ्याच्या यात्रेतले कॅसेटचे गाडे आठवले. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा केलीय, नाहीतर नवरात्रात तुळजापूर गाठलंय, त्यांना ती कव्हरं आठवत असतील. मधी देवी, मागं निघालेली पिवळी किरणं, कोपऱ्यात गोलात गायकाचा फोटो, दुसऱ्या कोपऱ्यात गोलात संबळवाला, आणि लालभडक अक्षरात नावं. नावापुढं गावही. रंग असे की डोळे चुरचुरावेत. आम्ही डिझाइनवाले त्या कव्हरांची आजही टिंगल करतो. पण कॅसेट हातात घेतली की देवीची गाणी म्हणणारं आराधी मंडळ कुठलं, झांज कुणाची, हे कळायचं. त्या भडक कव्हरानं माणसाला जागा दिली होती. आपल्या नेटक्या कव्हरानं ती काढून घेतली आणि वर लिहिलं, 'पारंपरिक'.

ह्या शब्दावर माझा राग आहे. शब्द खोटा नाही, पण फार सोयीचा आहे. 'गीत – पारंपरिक, संगीत – पारंपरिक' असं लिहिलं की कुणाला काही विचारायला नको.

मग मी त्यांचं नियोजन बघायला मागितलं. एक्सेलची शीट होती, बऱ्यापैकी तपशीलवार. वर्गणीचे एकवीस हजार. ड्रोन एक दिवस. किल्ल्यावर शूट. नऊवारी भाड्यानं, मेकअप, गिंबल, दोन एलईडी पॅनल, एडिटिंग, कलर ग्रेड. आणि पार खाली, चहा-नाश्त्याच्या वरच्या ओळीत, 'आज्जीचं रेकॉर्डिंग – अर्धा दिवस.'

आज्जी म्हणजे त्यातल्या एका पोरीच्या आईची आई. केज तालुक्यात राहते. जात्यावरच्या ओव्या तिच्याच. अख्ख्या अल्बमातलं पहिलं गाणं तिचं, व्हिडिओही त्याचाच, आणि शीटमध्ये ती नाश्त्याच्या शेजारी. मी पोरीला म्हणालो, बाळा, ही शीट उलटी करून बघ.

(आज्जीचं नाव मी इथं लिहीत नाही. "त्या कार्डावर टाका, फेसबुकवर नगं," असं तिनं सांगितलंय. कार्ड म्हणजे कव्हर.)

अर्धा दिवस लातूरच्या एका स्टुडिओत गेला, वाया. आज्जीला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, त्यात क्लिक ट्रॅक, म्हणजे ताल धरायला लावलेली एकसारखी टकटक. टक टक टक टक. तिनं दोन ओव्या म्हटल्या आणि थांबली. पुढचं आठवेना. पोरांना वाटलं घाबरली. घाबरली-बिबरली काही नव्हती. हात रिकामे होते. जी ओवी आयुष्यभर खुंटा धरून म्हटली ती हातावर हात ठेवून कशी यावी? तिथल्या रेकॉर्डिस्टनं त्या दोन ओव्या ताणून तालात बसवल्या, वरून ट्यूनही केल्या. ऐकायला आणल्या तेव्हा आज्जी म्हणाली, "ही कोण बाई?"

दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग तिच्या घरी. जातं गोठ्यात पालथं पडलेलं, वर पेंडीचं पोतं. धुवून काढलं, पण दगड गुळगुळीत झालेला. टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं दगड परत खडबडीत करायला, माणूस शोधण्यात तीन दिवस गेले. हे काम करणारी माणसं पूर्वी दारावर यायची. खुंटा नवा बसवला. एका पोराची आयडिया होती की जातं नुसतं फिरवूया, पीठ कशाला सांडायचं. आज्जीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो बाहेर जाऊन उभा राहिला. रिकामं जातं फिरवत नसतात. ज्वारी आणली.

पहाटे साडेचार. पंखा बंद, फ्रिज बंद, शेजाऱ्याला हात जोडून बोअरची मोटर बंद. एक माईक आज्जीसमोर, एक जात्याजवळ जमिनीपासून वीतभर वर. आणि मग मला एक गोष्ट कळली, जी माझ्या आईला नक्की माहीत असणार. मूठ टाकली की जात्याचा आवाज जाड होतो, दाणा भरडत आला की पातळ होतो, आणि ओवीची ओळ बरोबर त्या दोन्हींच्या मध्ये पडते. ताल जात्याचा आहे, श्वास दाण्याचा. क्लिक ट्रॅकला हे कुठून कळावं? तिनं चाळीस मिनिटं म्हटलं. कोंबडा दोनदा आरवला, तो आम्ही ठेवलाय. त्या पिठाच्या भाकरी सगळ्यांनी खाल्ल्या.

भाकरी खाताना मी विचारलं, मावशी, ह्या ओव्या कुणाच्या? मला वाटलं म्हणेल, जुन्या आहेत, आधीपासूनच्या. ती बोटावर मोजायला लागली. ह्या तीन माझ्या मायच्या. ही माझ्या थोरल्या जावंची, ती लई गायची, लवकर गेली. भावाच्या दोन माझ्या मीच घातल्या, तो कारखान्याला तोडीला गेला तेव्हा. आणि ती पावसाला भाऊ म्हणून हाक मारलेली ओळ? "ती बहात्तरची. दुष्काळात खडी फोडायला होतो रस्त्याच्या कामावर. सुकडी मिळायची. तिथं धारूरकडची एक बाई होती, तिची हाय ती. नाव काय बाई तिचं... पाठीशी पोरगं बांधलेलं असायचं."

आता लिहा 'पारंपरिक'.

मी काही अभ्यासक नाही. पण हेमा राईरकर आणि गी पॉईटवँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून बायकांकडून ज्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या आता 'परी' या संकेतस्थळावर बघायला मिळतात. त्यात गाणारणीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. आपल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी १९९६ साली गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. तेव्हा टेप घेऊन गावोगाव जाऊन ते हे करू शकले, तर खिशात फोन असलेल्या पोरांना कागदावर चार नावं लिहायला काय होतं? पोरांना मी तो संग्रह दाखवला. त्यावर ती गप्प बसली. पहिल्यांदाच.

शूटचं फार सांगत नाही. किल्ला रद्द झाला. संरक्षित वास्तूत परवानगी लागते आणि ती अर्ज केल्या-केल्या हातात पडत नाही, हे शीटमध्ये कुठंच नव्हतं. भाड्याची नऊवारी आली ती पैठणीच्या काठाची, नाचाची. पैठण आपल्याच मुलखात आहे म्हणून काय पैठणी नेसून कुणी दळायला बसतं का? युवक महोत्सवाच्या स्टेजनं आपल्या पोरांच्या डोक्यात लोकगीताचा एक गणवेश शिवून ठेवलाय, त्याला पोरांनी तरी काय करावं. आज्जी तिच्या रोजच्या लुगड्यावर बसली. लिपसिंक तिला जमेना, म्हणून पहाटेच्या रेकॉर्डिंगलाच दोन कॅमेरे लावून जे आलं तेच कापलं. पहिल्या टेस्टमध्ये घरातल्या बल्बनं पडद्यावर पट्टे मारले. आपली वीज पन्नास हर्ट्झची, शटर एक-पन्नासांशवर ठेवलं की जातात. हे पोरांनीच शोधलं, मला शिकवलं.

गोंधळाचं गाणंही त्यांनी भर दुपारी माळावर घ्यायचं ठरवलं होतं. गोंधळीबुवा हसून म्हणाले, "दुपारी दिवटी कुणाला दाखवू? सूर्याला?" गोंधळ रात्रीचाच, चौक मांडून. मग त्याचं रेकॉर्डिंग एका लग्नघरच्या खऱ्या गोंधळात, परवानगी विचारून केलं आणि दिवटीच्या उजेडात फोटो काढले. कमी उजेडामुळं फोटोत बारीक ठिपके दिसतात, दिसू देत. हलगीवाला जुलैच्या ओल्या हवेत वाजवायला बसेना, आधी कडबा पेटवून हलगी शेकून घेतली. त्या ठिणग्यांचा कुणीतरी फोनवर काढलेला फोटो अख्ख्या अल्बमात मला सगळ्यात आवडतो.

परत कव्हर. मी केलेलं कव्हर सांगतो. आज्जीचा चेहरा घ्यायचा की नाही यावर दोन दिवस गेले. शेवटी तिनंच सांगितलं, तोंड नको, दात नाहीत. म्हणून खुंट्यावरचे तिचे दोन हात, बांगड्यांसकट, पीठ लागलेले. वर मोठ्या अक्षरात तिचं नाव आणि गाव, त्याखाली अल्बमचं नाव. कव्हर तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचं मागतात, पण लोक बघतात ते फोनवर नखाएवढं. तेवढ्यात जे वाचता येतं तेच कव्हरवर आहे असं धरायचं, बाकी नक्षी.

फॉन्टचं थोडं सांगतो, पेशाची खाज. पोरांच्या फाइलमध्ये 'आज्जी'तला ज पाय मोडून पडला होता. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगला वर्ल्ड-रेडी लेआउट केलं की जोडाक्षर जुळतं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि फुकटात चांगले देवनागरी फॉन्ट हवेत तर 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचे 'मुक्त', 'बलू' आहेत, गुगल फॉन्ट्सवर. हिंदी वळणाचा ल आणि श तेवढा बघून घ्या. पाकळीचा ल आणि देठाचा श आपला. २०२२ साली शासनानंही तसा निर्णय काढलाय, तरी माझ्या दुकानात रोज हिंदी ल छापला जातो, हे मीच सांगतो.

कव्हर वरती पाठवलं आणि नापास होऊन आलं. कारण काय, तर गाणी ॲपवर चढवून देणाऱ्या कंपनीचा नियम: कव्हरवर कलाकाराचं आणि अल्बमचं नाव सोडून दुसरं काही नको, आणि ते फॉर्ममधल्या नावाशी जुळायला हवं. फॉर्ममध्ये कलाकार होता पोरांचा बँड. आज्जी कुठंच नव्हती, म्हणून कव्हरवर तिचं नाव म्हणजे 'जास्तीचा मजकूर'.

म्हणजे दोनच वाटा. नाव काढा, नाहीतर तिला कलाकार करा. खरं भांडण इथं झालं. गिटार वाजवणारा पोरगा म्हणाला, "काका, तीन महिने आम्ही राबलो. लोकांनी सर्चला टाकलं की आज्जी येणार आणि आम्ही खाली?" त्याचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. राबला होता तो. पण मी त्याला कायदा दाखवला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, त्यात सादर करणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क दिलाय. ओवी सगळ्यांची असेल, पण त्या पहाटेचा तो आवाज तिचाच आहे. पोरगा म्हणाला, "कायदा माहीत नव्हता काका, पण ती कोर्टात थोडीच जाणारे." मग त्यानंच थोड्या वेळानं मान खाली घालून फॉर्म उघडला.

गाव मात्र कव्हरवरून काढावं लागलं, ते नियमात बसेना. पहिल्या गाण्याला आज्जी मुख्य कलाकार, बँड सोबत. गीतकाराच्या रकान्यात पोरीनं आईच्या आईची माय आणि थोरली जाऊ, दोघींची नावं टाकली, आज्जीचं टाकलं. चौथीला नाव नव्हतं आणि रकाना नाव मागत होता. फॉर्ममध्ये ती बसली नाही. व्हिडिओच्या शेवटी मात्र पाटी आपल्या हातात असते. तिथं गाव, तालुका सगळं आलं, आणि शेवटची ओळ अशी: 'पावसाची ओवी – १९७२ च्या दुष्काळात खडीच्या कामावर असलेली धारूरकडची एक बाई.' ती पाटी सहा सेकंद ठेवलीय. एडिट करणारा चार म्हणत होता.

व्हिडिओ अजून आलेला नाही, पुढच्या आठवड्यात येईल. आज्जीनं मात्र कव्हर मागवून घेतलं. फोनवर नको, भिंतीवर लावायला, मोठं. आणि त्यावर गाव पाहिजेच. दोन बाय दोनचा फ्लेक्स काढून दिला, गावासकट. मटेरियल कोरं शिल्लक नव्हतं म्हणून एका रद्द झालेल्या फ्लेक्सच्या पाठीवर छापला. परवा पोरगी सांगत होती की दुपारचं ऊन मागच्या खिडकीतून आलं की आज्जीच्या हातांमधून कुण्या भावी नगरसेवकाच्या मिशा दिसतात.