२१ ऑक्टोबर ४७७२

२०१२ च्या डिसेंबरात माझी भाची चौथीत होती. टीव्हीवर दिवसभर जगबुडीच्या बातम्या चालायच्या आणि रात्री ती आईला बिलगून विचारायची, "शुक्रवारी आपण सगळे मरणार का गं?" मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांचं कॅलेंडर संपतंय, एवढंच तिच्या कानावर पडलं होतं. मला तेव्हा तिला नीट समजावता आलं नाही. ती रुखरुख अजून आहे, म्हणून आज लिहितेय.

मेक्सिकोतल्या पालेंके या माया लोकांच्या जुन्या शहरात एका मंदिरात शिलालेख आहे. तिथला राजा पाकल बारा वर्षांचा असताना, इ.स. ६१५ मध्ये गादीवर बसला. त्याच्या राज्यारोहणाचा एक स्मरणदिन त्या लेखात पुढच्या काळात मोजून ठेवलाय, आणि तो येतो इ.स. ४७७२ च्या ऑक्टोबरात! ज्यांनी चार हजार वर्षांपुढचा दिवस दगडात कोरला, त्यांच्या नावावर आपण जगाचा शेवट खपवला. मला हा त्यांच्यावर उघड अन्याय वाटतो.

२०१२ मध्ये झालं एवढंच, की १,४४,००० दिवसांचा एक बक्तून अशी तेरा बक्तूनांची मोजणी पूर्ण झाली. पुढच्या दिवसापासून मोजणी चालूच.

हे लोक हिशोबाचे पक्के होते. आपल्याकडे जुनी माणसं कोडीने मोजायची, तसे तेही विसाच्या पटीत मोजत. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपल्यासारखी खूण म्हणजे शून्य. शून्याचा आपल्याला अभिमान आहे, तो असावाच. पण महासागरापलीकडे, आपल्याशी काडीचाही संबंध नसताना, याच कल्पनेपर्यंत माणसं पोचली होती याचा मला तितकाच आनंद होतो.

आणि शुक्र! दुर्बीण नाही, काच नाही, नुसते डोळे. तरी शुक्राचं एक चक्र, म्हणजे पहाटेची चांदणी म्हणून उगवल्यापासून पुन्हा तशीच उगवेपर्यंतचा काळ, त्यांनी ५८४ दिवसांचं धरलं. आजचं सरासरी गणित ५८३.९२ सांगतं. शुक्राची पाच चक्रं म्हणजे ३६५ दिवसांची बरोबर आठ वर्षं, २९२० दिवस, हा मेळही त्यांनी घातला. एका माणसाच्या हयातीत होणारं हे काम नव्हे. कुणीतरी पहाटे उठून पाहिलं, लिहून ठेवलं, आणि पुढच्या पिढीने ते पुढे चालवलं.

शुक्राच्या या हिशोबाचं कोष्टक असलेली पोथी आज जर्मनीतल्या ड्रेस्डेनला आहे. झाडाच्या सालीच्या कागदावरच्या अशा पोथ्यांपैकी जगात फक्त चार उरल्या. १५६२ च्या जुलैत युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने कित्येक पोथ्या जाळल्या. हे वाचताना पोटात कालवतं. पुढे त्यानेच माया अक्षरांची एक अर्धवट टिपणी लिहून ठेवली, आणि १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव या रशियन अभ्यासकाने, माया प्रदेशात पाऊलही न टाकता, तिच्याच आधारे लिपी ध्वनींनी वाचायची वाट दाखवली.

"माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले" हे वाक्यही आता थांबायला हवं. नवव्या शतकात दक्षिणेकडची मोठी शहरं ओस पडली, हे खरं. दुष्काळ पडले, राजे आपसात लढले. माणसं मात्र होती. त्यांचं शेवटचं स्वतंत्र राज्य, तळ्यातल्या बेटावरचं नोहपेतेन, स्पॅनिशांनी जिंकलं ते १६९७ मध्ये, आपल्याकडे जिंजीला वेढा पडलेला होता त्या काळात. आजही ग्वातेमाला, मेक्सिको, बेलीझमध्ये लाखो लोक माया भाषा बोलतात.

भाची आता मोठी झालीय. परवा तिला सांगितलं, ग्वातेमालाच्या डोंगराळ गावांत २६० दिवसांचं जुनं पंचांग मोजणारे जाणते आजही आहेत. मूल जन्मलं की त्याचा दिवस कोणता, हे लोक त्यांनाच विचारायला जातात.