‘मिलियन डॉलर बॅकफिल्ड’ नक्की कुणाचं? – प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकन फुटबॉलमधल्या ‘मिलियन डॉलर बॅकफिल्ड’वरचा माझा लेख इतक्या बारकाईने वाचलात, मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन. बॅकफिल्ड म्हणजे क्वार्टरबॅक आणि चेंडू घेऊन धावणारे तिघे, अशी मागच्या फळीची चौकडी. ‘मिलियन डॉलर बॅकफिल्ड’ हे नाव आधी शिकागो कार्डिनल्सच्या चौकडीला मिळालं होतं, ते मी सरसकट सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या चौकडीला देऊन टाकलं. आणि फोर्टीनाइनर्सच्या ज्या चौकडीने एकत्र खेळताना एकदाही विजेतेपद मिळवलं नाही, तिचं एवढं कौतुक कशाला?

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. कार्डिनल्सचे मालक चार्ल्स बिडविल यांनी चौकडीतल्या चार्ली ट्रिपीला एक लाख डॉलरचा करार दिला, तेव्हा ती रक्कम ऐकून लोक थक्क झाले होते. बिडविल मात्र एप्रिल १९४७मध्ये गेले. हे बॅकफिल्ड खेळताना त्यांना पाहायलाच मिळालं नाही. त्याच डिसेंबरात अंतिम सामना झाला तो बर्फाने कडक झालेल्या मैदानावर. कार्डिनल्सनी खिळ्यांचे बूट सोडून साधे कॅनव्हासचे बूट घातले. त्यांचा एल्मर अँग्समन सत्तर-सत्तर यार्ड दोनदा धावत सुटला आणि २८-२१ असा सामना मारला. कार्डिनल्सना त्यानंतर आजतागायत विजेतेपद मिळालेलं नाही.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. १९५४ सालचे आकडे बघा. चेंडू घेऊन धावण्यात सगळ्या लीगमध्ये पहिला जो पेरी, १,०४९ यार्ड. दुसरा जॉन हेन्री जॉन्सन, ६८१. दोघे फोर्टीनाइनर्सचेच! चौकडीतला तिसरा धावणारा ह्यू मॅकएल्हेनी ६४ वेळा चेंडू घेऊन धावत ५१५ यार्ड काढून बसला होता, म्हणजे दर वेळी आठ यार्ड. सहा सामन्यांनंतर त्याचा खांदा निखळला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. संघ सात जिंकला, चार हरला, एक बरोबरीत. यात धावणाऱ्यांचा काय दोष?

आणि नुसते आकडेच कशाला? एकाच्या हातात चेंडू असला की बाकीच्यांनी पुढे घुसून समोरच्यांना आडवं करायचं, वाट मोकळी करून द्यायची. जॉन्सन तर या कामात दांडगाच. ज्यांना स्वतःला चेंडू हवा असायचा, ते दुसऱ्यासाठी अंगावर मार घेत होते. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि चाल चालवणारा, वाय. ए. टिटल याच्यासह चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेले. असं दुसरं पूर्ण बॅकफिल्ड नाही.

विजेतेपदाचंच म्हणाल, तर १९५७च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यात, फोर्टीनाइनर्स २७-७ असे पुढे होते आणि ३१-२७ हरले. हरवलं डेट्रॉइटने, पुढे विजेतेही तेच झाले. जॉन्सन तोवर डेट्रॉइटकडे गेला होता.

कार्डिनल्सबद्दलची दुरुस्ती मूळ लेखात आजच केली आहे.