साचा एकच आहे, हे मान्य

दादा, बेअरब्रिक या अस्वलाच्या आकाराच्या, जमवायच्या खेळण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "एकच साचा, दर वेळी नवा रंग फासायचा आणि लोकांचे खिसे कापायचे. याला कला म्हणणं हा कलाकारांचा अपमान आहे." दोन दिवस हे डोक्यात घोळतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साचा एकच आहे, मान्य. डोकं, छाती, कंबर, दोन हात, दोन पंजे, दोन पाय. एकूण ९ भाग. मे २००१ मध्ये टोकियोतल्या एका प्रदर्शनात मेडिकॉम टॉय या जपानी खेळणी कंपनीने आलेल्यांना हे अस्वल भेट म्हणून वाटलं, तेव्हापासूनची ही ठेवण. पण मला त्याचं मोल तिथेच वाटतं. चेहरा कोरा ठेवलाय, म्हणून दुसऱ्या कुणाला त्यावर काही मांडता येतं. बास्किया या अमेरिकन चित्रकाराचं चित्र सपाट कॅनव्हासवरून त्या गोल डोक्यावर येतं, तेव्हा समोरून दिसणारी रेषा कानामागे निघून जाते. ती पुढे कुठे गेली हे बघायला अस्वल हातात घेऊन फिरवावंच लागतं.

आणि सगळं रंगकामच असतं असंही नाही. आइची प्रांतातल्या कारिमोकू या फर्निचर कंपनीने हेच अस्वल लाकडात केलंय. त्यातल्या एका प्रकारात वेगवेगळ्या रंगांची लाकडं आधी एकमेकांना जोडतात, मग त्यातून अंग घडवतात. मी ते एकदाच पाहिलं, तेही काचेआडून. पोटाचा फुगवटा आला की सरळ पट्टे आपोआप वाकतात. तिथे रंगाचा थेंबही नाही.

खिसे कापण्यावरचा, म्हणजे बंद खोक्यांबद्दलचा, तुमचा राग मात्र रास्त आहे. बेसिक, फ्लॅग, हॉरर, क्यूट, ॲनिमल असे विषय, आणि आत काय निघेल ते नशिबावर. कुठला विषय निघण्याची शक्यता किती, हे खोक्यावर छापतात. बेसिकची १४.५८ टक्के. त्या बेसिकमध्येही नावाची (BE@RBRICK) ९ अक्षरं ९ अस्वलांवर विभागलेली, म्हणजे नावात एकदाच येणारं एखादं अक्षर मिळायची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी. यात माझेही बरेच पैसे गेलेत. हल्ली मी बंद खोकं घेत नाही, नवशिक्यांनाही घेऊ नका असंच सांगतो.

राहिला तुमचा 'एकच साचा' हा शब्द. गेल्या वर्षी एका विक्रेत्याने मला नकली अस्वल विकलं. फोटोत अगदी हुबेहूब. हातात घेतलं तर पंजा मनगटात लुळा, आणि कानावरून नख फिरवलं की सांधा लागतो. शेजारच्या खऱ्या अस्वलाचा पंजा वळवून सोडला, की वळवला तिथेच थांबतो. दोघांची उंची ७ सेंटिमीटर, रंगही तोच. ते नकली मी टाकलेलं नाही. कधी इकडे आलात तर दोन्ही तुमच्या हातात देतो, डोळे मिटून पंजे फिरवून बघा.