बिल्टी एकाची, गाडी दुसऱ्याची: माल देण्याआधी काय तपासायचं

चाकणहून पाठवा, भिवंडीहून पाठवा, नाहीतर कळंबोलीहून. भाड्यावर अर्धा दिवस घासाघीस चालते आणि गाडी गेटवर लागली की दहा मिनिटांत लोडिंग सुरू. गाडी कोणाच्या नावावर, पासिंग म्हणजे फिटनेस कधी संपतंय, ड्रायव्हरचं लायसन्स कसलं, कोणी विचारत नाही. विचारलंच तर ठरलेलं उत्तर: "साहेब, पेपर सगळे ओके आहेत." ते ओके आहेत का हे आता मोबाइलवर पाच मिनिटांत दिसतं. तरीही न पाहणं हा मला सरळ सरळ निष्काळजीपणा वाटतो, कारण त्याची किंमत रस्त्यावरचा तिसराच माणूस मोजतो.

आपल्याकडे खरी अडचण अशी की तपासणी गाडीची होते, कंपनीची नाही. अमेरिकेत राज्याबाहेर माल नेणाऱ्या ट्रकच्या दारावर कंपनीचं नाव आणि यूएसडॉट, म्हणजे तिथल्या परिवहन खात्याचा, नंबर असतो. तो नंबर सरकारच्या 'सेफर' साइटवर टाकला की त्या कंपनीच्या गेल्या २४ महिन्यांतल्या तपासण्या, त्यात किती गाड्या आणि किती ड्रायव्हर जागीच थांबवले, किती अपघात झाले, सगळं फुकट दिसतं. आपल्याकडे सरकारी पोर्टलं वेगवेगळी: गाडीची नोंद 'वाहन'मध्ये, लायसन्स 'सारथी'मध्ये, अपघात 'ई-डार'मध्ये, दंडाची चलनं आणखी कुठे. माहिती सरकारकडे आहे. ती ट्रान्सपोर्ट कंपनीच्या नावाखाली एकत्र करून लोकांना दाखवायला हवी, आणि ही मागणी माल पाठवणाऱ्यांच्या संघटनांनी लावून धरायला हवी.

तोवर हे तुकडे आपणच जोडायचे.

सुरुवात कंपनीपासून. लेटरहेडवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाका. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि त्या पॅनचं चौथं अक्षर 'पी' असेल तर एकटा माणूस, 'एफ' असेल तर भागीदारी फर्म, 'सी' असेल तर कंपनी. लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि पॅनमध्ये 'पी', असं दिसलं तर तिथेच थांबा. नोंदणी चालू आहे की रद्द, कधी घेतली, हेही तिथेच कळतं.

दुसरं, कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७. बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, फाडून लोकांचा माल वाहणाऱ्याला, म्हणजे कॉमन कॅरिअरला, या कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे आणि प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. त्याची प्रत मागा. नोंदणी न केलेला ब्रोकर इथे लगेच उघडा पडतो.

मग गाडी. बिल्टी एका फर्मची आणि गाडी मार्केटमधून उचललेली, हे रोजचंच आहे. त्यात बेकायदा काही नाही, पण नावाजलेल्या कंपनीच्या भरवशावर तुम्ही माल देता आणि तो जातो अनोळखी मालकाच्या गाडीत. म्हणून गाडीचा नंबर आल्याबरोबर सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर टाका. फिटनेस, इन्शुरन्स, टॅक्स, पीयूसी आणि परमिट, या तारखा आजच्या नव्हे तर माल पोचायच्या दिवसापर्यंतच्या हव्यात. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी होतं. त्यामुळे जुन्या गाडीत हीच तारीख जास्त वेळा हुकलेली असते.

नॅशनल परमिटमध्ये, म्हणजे राज्याबाहेर माल न्यायच्या परवान्यात, भलेभले फसतात. परमिट पाच वर्षांचं असतं, पण त्याचं ऑथरायझेशन दरवर्षी १६,५०० रुपये भरून घ्यावं लागतं. ड्रायव्हर परमिटचा कागद दाखवतो, त्यावर पुढची तारीख दिसते आणि आपण मान हलवतो. विचारायचं ऑथरायझेशन. आणि साधी गाडी १२ वर्षांची, मल्टीअ‍ॅक्सल (दोनपेक्षा जास्त अ‍ॅक्सलची) १५ वर्षांची झाली की नॅशनल परमिट नाहीच.

एक तपासणी मोबाइलवर होत नाही. एकाच नंबरच्या दोन गाड्या फिरवल्या जातात आणि अ‍ॅपवर त्या नंबरचं सगळं हिरवंगार दिसतं. म्हणून चासी नंबर पाहा. तो चासीच्या पट्टीवर ठोकलेला असतो, बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकाजवळ. फडक्याने ग्रीस पुसून शेवटचे पाच आकडे आरसीशी ताडून पाहा. आकडे घासलेले किंवा आजूबाजूला ताजा रंग दिसला तर माल चढवू नका.

वजनाचा हिशेब आरसीवरूनच करा: एकूण मंजूर वजन वजा रिकामं वजन. तीन अ‍ॅक्सलच्या दहा टायरी गाडीला २८,५०० किलो मंजूर आणि रिकामी ९,५०० असेल, तर माल १९,००० किलो, एक गोणी जास्त नाही. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड. शिवाय कायदा 'चालवायला लावणारा' असंही म्हणतो, त्यामुळे जास्त माल भरणाऱ्याने हात झटकू नयेत.

लायसन्स सारथीवर नंबर आणि जन्मतारीख टाकून तपासा. ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. दहा टायरीला मात्र हेवीच लागतं. केमिकल असेल तर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते.

फिटनेसचा कागद म्हणजे पासिंगच्या दिवशीची गाडी. आजची गाडी डोळ्यांनी पाहा. मागचा गार्ड, रिफ्लेक्टर टेप, दोन टायरांत अडकलेला दगड, टायरच्या बाजूची चीर. इंजिन बंद करून ब्रेक मिनिटभर दाबून ठेवायला सांगा. फुसफुस ऐकू आली किंवा हवेचा काटा भराभर उतरला तर कुठेतरी हवा गळते आहे. कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आठवा. तिथे न्यूट्रलवर गाडी सोडली की इंजिनची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. त्यात हवाही गळत असेल तर ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही.

शेवटी पैशाचं. गाडीच्या इन्शुरन्समध्ये तुमचा माल येत नाही, त्याची ट्रान्झिट पॉलिसी वेगळी काढावी लागते. बुकिंगच्या वेळी जास्त किंमत जाहीर केली नसेल तर ट्रान्सपोर्टरची नुकसानीची जबाबदारी सहसा भाड्याच्या दहापटीपर्यंतच. ४०,००० भाडं असेल तर चार लाख, आत माल तीस लाखांचा का असेना. आणि माल हरवला किंवा खराब झाला तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. गाडी सुटण्याआधी बिल्टी, आरसी, लायसन्स आणि चासी नंबरचा फोटो काढून ठेवला असेल तरच त्या नोटिशीत लिहायला काही असतं.