'नाइस'चा खरा अर्थ कुठला?

नमस्कार. इंग्रजी 'नाइस' या शब्दावरच्या माझ्या लेखाला प्रतिक्रिया देताना इतकं सविस्तर भांडलात, बरं वाटलं. तुमचे आक्षेप दोन. 'नाइस' आधी 'अडाणी' होता आणि मग 'छान' झाला, ही तुम्हाला फॉरवर्डमधली थाप वाटते. आणि ती थाप नसेल, तर मूळ अर्थ तोच खरा, म्हणजे आज सगळं जग हा शब्द चुकीचा वापरतंय.

पहिल्यात चूक माझी. मधल्या पायऱ्या गाळून मी थेट उडी मारली, मग थाप वाटणारच. लॅटिनमध्ये 'स्किरे' म्हणजे जाणणे, आणि 'नेस्कियुस' म्हणजे न जाणणारा. ('सायन्स'सुद्धा याच 'स्किरे'च्या घरातला. एक भाऊ शास्त्री, दुसरा टोणपा!) जुन्या फ्रेंचमधून हा टोणपा १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तो 'मूर्ख' म्हणून, आणि चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्याकडेही तो तसाच भेटतो. पुढे बुजरा, मग नाकं मुरडणारा, मग चोखंदळ. चोखंदळाला लागतं ते नाजूक, त्याची नजर काटेकोर. 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान फरक नव्हे, सहज न दिसणारा बारीक फरक; तो अर्थ अजून टिकून आहे. आणि चोखंदळाला रुचलं म्हणजे ते चांगलंच, या वाटेने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'छान' रुळला. पायऱ्या अर्थात इतक्या शिस्तीत नव्हत्या. शेक्सपिअरच्या काळी चार-पाच अर्थ एकाच घरात नांदत होते. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये पत्र 'नाइस' नव्हतं, म्हणजे क्षुल्लक नव्हतं.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. तुमच्यासारखीच तक्रार जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी'तला हेन्री टिल्नी करतो. ही कादंबरी डिसेंबर १८१७ मध्ये बाजारात आली. दिवस नाइस, फेरफटका नाइस, मुलीही नाइस, अशी तो नायिका कॅथरिनची थट्टा करतो (आपलं 'छान' आठवा) आणि बजावतो की मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, नाजूकपणा यांच्यापुरताच होता. मुळात! म्हणजे मूळ शोधायला निघालेला टिल्नीसुद्धा मधल्याच पायरीवर बसला. 'मूर्ख' त्याच्याही खाली पाचशे वर्षं पडून होता.

उलट्या दिशेचा प्रवासी हवा असेल तर 'सिली' घ्या. जुन्या इंग्रजीत सुखी, धन्य. मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, शेवटी खुळा. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'झेलिग' आजही धन्यच आहे. 'सिली' खाली घसरला, 'नाइस' वर चढला.

आणि मूळ अर्थच खरा, तर संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकवण, 'राग' म्हणजे रंग आणि आसक्ती, 'चेष्टा' म्हणजे हालचाल, प्रयत्न. बंगाली माणूस आजही मनापासून 'चेष्टा' करतो. तुमच्या प्रतिक्रियेत 'आमची चेष्टा करू नका' असं वाक्य आहे. ते मी मराठीतल्याच अर्थाने घेतलं.

मधल्या पायऱ्या मूळ लेखात आज घातल्या आहेत.