पडवीतली कपबशी

नमस्कार. 'टू किल अ मॉकिंगबर्ड'वरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वाचनात राग आला, खोटं कशाला बोलू? "अमेरिकेतल्या गोऱ्या बाईने लिहिलेल्या गोष्टीवर डोळे पुसता, आपल्या कोकणातल्या कुळांनी काय भोगलं ते दिसायला तुम्हाला पुस्तक लागतं का?" असं विचारलंत.

लागलं. माझ्यापुरतं तरी लागलं.

हार्पर लीची ही कादंबरी (१९६०) म्हटली की सगळे कोर्टाचं सांगतात. माझं घोडं अडलं ते कॅल्पर्नियाच्या चर्चपाशी. घरी स्वयंपाक करणारी ही काळी बाई मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते आणि तिथे आपल्या माणसांशी वेगळ्याच भाषेत बोलते. गोष्ट सांगणारी त्या घरातली छोटी गोरी मुलगी, स्काउट, चक्रावते. आपल्या घराबाहेर हिला काही आयुष्य असेल, हे तिच्या कधी मनातच आलेलं नसतं.

गुहागरकडे आमच्या आगरात सुपारी सोलायला एक बाई यायची. आईपेक्षा मोठी, तरी आम्ही पोरं तिला नावाने, एकेरी हाक मारायचो. तिची कपबशी पडवीत वळचणीला खोचलेली. चहा वरून ओतायचा, विसळायची तिची तिने. आमच्याशी बोलायची ते खालच्या आवाजात, शब्द जपून. एकदा शिमग्यात पालखीमागून तिच्या वाडीवर गेलो, तर ही अंगणात उभी राहून कुणाला तरी अशी झापत होती, की मी तिला ओळखलंच नाही! खोती, म्हणजे कुळांवरची खोतांची जमीनदारी, १९४९च्या कायद्याने गेली. आमची कपबशी मी कॉलेजात जाईपर्यंत वळचणीलाच होती.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र बिनतोड. ज्याच्यावर कोर्टात खटला चालतो त्या काळ्या टॉम रॉबिन्सनवर खोटा आळ येतो, पण त्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही, सगळं गोऱ्या मुलीच्या नजरेतून. आपल्या गाजलेल्या कादंबऱ्यांतही खोताचा वाडा माजघरापर्यंत दिसतो, कुळाचं खोपटं बहुतेक वेळा बाहेरूनच.

आणि वाचून माणूस बदलतो म्हणावं, तर श्री. ना. पेंडश्यांची 'रथचक्र' ही कादंबरी आईची लाडकी. मुलांच्या शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या त्या बाईसाठी आई दर वेळी रडायची. चहा वरून ओतायची तीही आईच.

म्हणून लेखातलं 'अशी पुस्तकं माणसाला माणूस करतात' हे वाक्य आज काढून टाकलंय. कॅल्पर्नियाचा परिच्छेद ठेवलाय.