रोटेशन मोडले म्हणून ऑक्टोबर बुडत नाही

उन्हाळा सरत आला आणि एखाद्या चांगल्या संघाचे दोन-तीन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, जायबंदी झाले, की अमेरिकेतील बेसबॉलच्या चाहत्यांमध्ये एक ठरलेला निवाडा हातोहात फिरू लागतो. फलंदाजीच्या जोरावर १६२ सामन्यांचा मोसम निभावून नेता येतो, पण विजेतेपद मिळते ते पिचिंगमुळेच. म्हणून ज्या संघाचे रोटेशन (सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरांची, म्हणजे स्टार्टरांची, पाळी) मोडले आहे किंवा ज्याच्या बुलपेनला (मागून येणाऱ्या पिचरांच्या, म्हणजे रिलीव्हरांच्या, ताफ्याला) आघाडी राखता येत नाही, त्याच्या चाहत्यांनी ऑक्टोबरातील प्लेऑफची, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद मालिकांची, आशा सोडून द्यावी, असे त्याचे स्वरूप असते. २०२४ च्या सप्टेंबरात हे भाकीत लॉस एंजेलिस डॉजर्सविषयी सर्वाधिक वेळा केले गेले. ऑक्टोबरअखेर त्याच संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली, तेव्हा भाकीत मागे घेण्याऐवजी त्याला एक शेपूट जोडण्यात आले: तो पैशाचा आणि नशिबाचा खेळ होता, नियम कायम आहे. क्रिकेटवर वाढलेल्या मराठी चाहत्याला हा नियम चटकन पटतो, कारण कसोटी जिंकायची तर वीस बळी घ्यावेच लागतात हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु या दाव्यात चार-पाच वेगवेगळे दावे एकत्र बांधलेले आहेत आणि ते सुटे केले, तर त्यांतले फारच थोडे टिकतात.

आधी डॉजर्सची अवस्था खरोखर किती वाईट होती ते मान्य करू, कारण निराशा हवेतून आलेली नव्हती. त्या मोसमात त्यांनी १७ वेगवेगळ्या पिचरांकडून सामन्याची सुरुवात करून घेतली आणि संघासाठी दीडशे इनिंग (बेसबॉलच्या एका सामन्यात अशा नऊ असतात) टाकणारा एकही पिचर त्यांच्याकडे नव्हता. टायलर ग्लासनाऊ कोपराच्या दुखापतीमुळे, गॅव्हिन स्टोन खांद्यामुळे आणि क्लेटन कर्शॉ पायाच्या अंगठ्यामुळे बाहेर गेला. शोहेई ओतानीच्या कोपरावर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झालेली असल्याने तो वर्षभर केवळ फलंदाजी करत होता. योशिनोबू यामामोतो जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत खेळलाच नव्हता. वॉकर ब्यूलर परतला होता, पण एक विजय, सहा पराभव आणि ५.३८ ची ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावांची सरासरी, एवढीच त्याची कमाई होती. उरला जॅक फ्लॅहर्टी, तोही जुलैअखेर डेट्रॉइटकडून घेतलेला.

आता पहिला दावा घेऊ: विजेतेपद पिचिंगमुळेच मिळते. तसे असते तर १९९० च्या दशकातील अटलांटा ब्रेव्हजच्या कपाटात चषकांची रांग लागली असती. ग्रेग मॅडक्स, टॉम ग्लॅव्हिन आणि जॉन स्मोल्ट्झ हे तिघेही पिचर पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेले आणि १९९१ ते २००५ या काळात ब्रेव्हजनी, संपामुळे अर्धवट राहिलेला १९९४ चा मोसम सोडता, दरवर्षी आपला विभाग जिंकला. मात्र वर्ल्ड सिरीज मिळाली ती फक्त १९९५ मध्ये. २०११ च्या फिलाडेल्फिया फिलीजचे उदाहरण याहून बोलके आहे. रॉय हॅलाडे, क्लिफ ली, कोल हॅमल्स आणि रॉय ऑस्वाल्ट असे चार स्टार्टर एका संघात असताना त्यांनी १०२ सामने जिंकले आणि पहिल्याच मालिकेत सेंट लुईस कार्डिनल्सकडून ते गारद झाले. निर्णायक पाचव्या सामन्यात पहिल्याच फलंदाजाने, राफाएल फुर्कालने, तीन बेसचा फटका मारला आणि स्किप शूमाकरच्या दोन बेसच्या फटक्यावर त्याने धाव पूर्ण केली. त्यानंतर हॅलाडेने आठ इनिंगपर्यंत एकही धाव दिली नाही. सामना १–० असाच संपला, कारण समोर क्रिस कार्पेंटरने फिलीजना तीन हिट्सवर, म्हणजे तीन यशस्वी फटक्यांवर, रोखले. पिचरने याहून अधिक काय करायचे असते? पिचिंग कुचकामी असते असे मला म्हणायचे नाही. मात्र दाव्यात तिला जी हमी चिकटवली आहे, ती इतिहासात सापडत नाही.

दुसरा दावा आकड्यांचा आहे: मोसमभराची ईआरए पाहा, ऑक्टोबर आपोआप कळेल. २००६ मध्ये डेट्रॉइट टायगर्सची ईआरए ३.८४ होती आणि ती संपूर्ण मेजर लीगमध्ये सर्वोत्तम होती. वर्ल्ड सिरीजमध्ये समोर उभे ठाकलेले कार्डिनल्स ८३ विजय आणि ४.५४ ची ईआरए घेऊन आले होते. त्यांनी पहिला सामना सोपवला तो ५.०६ ईआरए असलेल्या अँथनी रेयेसवर आणि पाचवा ५.७६ च्या जेफ वीव्हरवर. रेयेसने जस्टिन व्हर्लँडरविरुद्ध नवव्या इनिंगपर्यंत मजल मारली, वीव्हरने आठ इनिंग टाकून नऊ फलंदाजांना स्ट्राइक आउट केले, म्हणजे चेंडू खेळू न देता बाद केले, आणि कार्डिनल्सनी मालिका पाच सामन्यांत जिंकली.

या मालिकेतील एक बारकावा आकडेप्रेमी मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. टायगर्सच्या पिचरांनी पाच सामन्यांत क्षेत्ररक्षणाच्या पाच चुका केल्या, प्रत्येक सामन्यात एक. चुकीमुळे आलेली धाव ईआरएत धरली जात नाही, मग ती चूक खुद्द पिचरने केलेली का असेना. म्हणजे ज्या आकड्याच्या आधारे सप्टेंबरात छातीठोकपणे भविष्य वर्तवले जाते, तो आकडा ऑक्टोबरातील कित्येक निर्णायक धावा मोजतच नाही.

तिसरा दावा सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि माझ्या मते सर्वांत चुकीचा: चार-पाच भरवशाचे स्टार्टर नसतील तर प्लेऑफ निभावणार कसे? पाच स्टार्टरांचे रोटेशन ही नियमित मोसमाची गरज आहे, कारण तेथे जवळजवळ रोज सामना असतो. प्लेऑफचे वेळापत्रक निराळे असते. २०२४ मध्ये सर्वाधिक ९८ विजय मिळवल्याने डॉजर्सना पहिल्या फेरीतून सूट मिळाली, आणि मग ५ ते ३० ऑक्टोबर या २६ दिवसांत ते १६ सामने खेळले. दहा दिवस मोकळे. पाच सामन्यांची पहिली मालिका सात दिवसांवर पसरलेली होती. अशा वेळापत्रकात तीन स्टार्टर पुरतात आणि एखादा सामना बुलपेनने मिळून काढता येतो. शिवाय ही सूट त्यांना मिळवून दिली ती ‘नुसती फलंदाजी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या मोसमानेच.

सॅन डिएगो पाड्रेसविरुद्धच्या मालिकेत नेमके हेच घडले. तिसऱ्या सामन्यात ब्यूलरने दुसऱ्या इनिंगमध्ये सहा धावा दिल्या, डॉजर्स ६–५ असे हरले, मालिकेत १–२ असे मागे पडले आणि चौथ्या सामन्यासाठी त्यांच्याकडे स्टार्टरच नव्हता. ‘आम्ही सांगत नव्हतो का?’ असे म्हणणाऱ्यांसाठी याहून सोयीची घडी नव्हती. त्या सामन्याची सुरुवात रायन ब्रेझियरने केली, एकामागून एक आठ पिचर आले आणि पाड्रेसना एकही धाव करता आली नाही, निकाल ८–०. पाचवा सामना यामामोतोच्या पाच इनिंगच्या जोरावर २–० असा जिंकला. पुढच्या मालिकेच्या सुरुवातीला फ्लॅहर्टी आणि सहकाऱ्यांनी न्यू यॉर्क मेट्सना ९–० असे हरवले. हिशेब मांडून पाहा: ब्यूलरच्या त्या वाईट इनिंगनंतर उरलेल्या सहा, मग नऊ, नऊ आणि नऊ, अशा सलग ३३ इनिंग या ‘मोडक्या’ पिचिंगने एकही धाव दिली नाही. प्लेऑफमधील तो विक्रम १९६६ च्या बाल्टिमोर ओरिओल्सच्या नावावर होता. डॉजर्सनी त्याची बरोबरी केली.

चौथा दावा बुलपेनचा. आघाडी गमावण्याची खोड लागलेल्या बुलपेनला ऑक्टोबरात झाकता येत नाही, असे म्हणतात. झाकता येते, आणि तेही वेळापत्रकामुळेच. २०२३ मध्ये टेक्सास रेंजर्सच्या बुलपेनने नियमित मोसमात थोडक्यातली आघाडी ३० वेळा शेवटपर्यंत राखली (याला सेव्ह म्हणतात) आणि ३३ वेळा गमावली, शिवाय त्यांचा स्टार्टर जेकब डग्रॉम सहा सामन्यांनंतर शस्त्रक्रियेसाठी गेला होता. तरी वर्ल्ड सिरीज त्यांनीच जिंकली आणि प्लेऑफमधील परगावचे अकराही सामने खिशात घातले. २०१९ च्या वॉशिंग्टन नॅशनल्सची गोष्ट त्याहून ठसठशीत आहे. पहिल्या ५० सामन्यांत १९ विजय आणि ३१ पराभव, आणि मोसमभरात बुलपेनची ईआरए ५.६६. त्यांनी बुलपेन सुधारले नाही, तर त्याला वळसा घातला. मिलवॉकीविरुद्ध एकाच सामन्याच्या वाइल्ड कार्ड (पहिल्या) फेरीत मॅक्स शर्झरनंतर स्टीफन स्ट्रासबर्ग हा स्टार्टरच तीन इनिंग टाकायला आला, आणि वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात शर्झरच्या मागून पॅट्रिक कॉर्बिनने तीन इनिंग कोऱ्या ठेवल्या. मे महिन्यात असे केले असते तर जुलैपर्यंत तिघांचेही खांदे कामातून गेले असते. ऑक्टोबरात पुढे साऱ्या हिवाळ्याची विश्रांती असते.

२०२५ मध्ये डॉजर्सविषयीच हे भाकीत उलट्या बाजूने परतले. आता स्टार्टर ठणठणीत होते, म्हणून बुलपेन संघाला बुडवणार असे ठरले. ती चिंता निराधार नव्हती. पण यामामोतोने मिलवॉकी आणि टोरोंटोविरुद्ध दोन सामने एकट्याने संपवले, टोरोंटोविरुद्धच्याच वर्ल्ड सिरीजमध्ये सहाव्या सामन्याची सुरुवात करून तो जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात अखेरीस माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, येऊन ११ इनिंगचा तो सामना ५–४ असा मिळवून दिला. बुलपेन चांगले नसेल तर त्याच्याकडून कमी इनिंग मागाव्यात, एवढाच त्याचा अर्थ.

राहता राहिला नशिबाचा आणि पैशाचा मुद्दा. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात डॉजर्सचे प्रतिस्पर्धी न्यू यॉर्क यांकीज ५–० असे पुढे होते आणि गेरिट कोलने तोवर एकही हिट दिली नव्हती, हे खरे. पाचव्या इनिंगमध्ये ॲरन जजने सोपा झेल टाकला, अँथनी व्होल्पीचा तिसऱ्या बेसकडचा थ्रो फसला आणि दोन फलंदाज स्ट्राइक आउट झाल्यावर मुकी बेट्सच्या साध्या घरंगळत्या चेंडूवर कोल पहिल्या बेसवर धावलाच नाही आणि एक धाव आली. त्यानंतर फ्रेडी फ्रीमन आणि टेओस्कार हर्नांडेझ यांच्या फटक्यांनी मिळून चार धावा आल्या आणि बरोबरी झाली. त्या पाचही धावा कोलच्या ईआरएत लागल्या नाहीत. हे नशीब होतेच, पण ते फळाला आणले फलंदाजीने, म्हणजे ज्या अंगाला या दाव्यात काडीचीही किंमत नाही त्याने. पैशाविषयी बोलायचे तर डॉजर्सकडे तो मुबलक आहे. यामामोतोचा करारच १२ वर्षांचा आणि ३२.५ कोटी डॉलरचा आहे. परंतु पैसा असेल तर मोडके रोटेशन चालते असे म्हणताच ‘मोडके रोटेशन कधीच चालत नाही’ हा मूळ दावा आपणच सोडून दिला, याचे भान टीकाकारांनी ठेवलेले बरे.

दाव्यात तथ्य आहे ते एवढेच, की कमी पिचर असलेल्या संघाला सगळेच सामने जिंकण्याचा प्रयत्न करता येत नाही. मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांच्यावर २०२४ च्या ऑक्टोबरात टीका झाली ती याच बाबतीत आणि मला त्यांचे सर्वांत मोठे काम तेच वाटते. मेट्सविरुद्ध पाचव्या सामन्यात फ्लॅहर्टीने तीन इनिंगमध्ये आठ धावा दिल्या, तेव्हा रॉबर्ट्स यांनी आपले चांगले रिलीव्हर बाहेर काढलेच नाहीत आणि १२–६ असा पराभव मुकाट्याने पत्करला. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच तो प्रकार होता. एक दिवसाच्या विश्रांतीनंतर तेच रिलीव्हर ताजेतवाने होऊन आले, मायकल कोपेकने सुरुवात केली आणि डॉजर्सनी १०–५ अशा विजयासह मालिका संपवली. यांकीजविरुद्ध ३–० अशी आघाडी असताना चौथ्या सामन्यातही त्यांनी तेच केले. नवख्या बेन कॅस्पेरियसने सुरुवात केली, व्होल्पीने डॅनियल हडसनच्या चेंडूवर एकाच फटक्यात चार धावा देणारा ग्रँड स्लॅम मारला आणि सामना ११–४ असा गेला. दुसऱ्या रात्री ब्लेक ट्रायनेनने ४२ चेंडू टाकले आणि नवव्या इनिंगमध्ये, एकाच दिवसाच्या विश्रांतीवर, ७–६ अशी आघाडी राखायला माउंडवर आला तो ५.३८ ईआरएचा वॉकर ब्यूलर.